पांढऱ्यात पांढरं

१३ जानेवारी, सोमवार. रहिमतपूर

आज दुपारी माझं आयुष्य बदललं. कॉलेज सोडलं त्या दिवशी बदललं नव्हतं. आबांनी, म्हणजे वडिलांनी, अख्ख्या भावकीसमोर कानाखाली काढली तेव्हाही नाही. आज! रहिमतपूरच्या बाजारतळावर, भज्यांच्या वासात.

व्हॅन लावली होती. बायकांच्या छातीचा एक्स-रे काढणारी, मॅमोग्राफीची. सांगलीच्या एका ट्रस्टची आहे. मी बाहेर टेबलावर नावं लिहून घेतो, बायकांना पाणी देतो, जनरेटर बघतो. फार्मसी तिसऱ्या वर्षाला सोडून आलेल्याला यापेक्षा काय मिळणार, असं आबांचं म्हणणं. मला हे काम आवडतं. पण त्यांना सांगणार नाही.

तर एक गडी व्हॅनपुढं येऊन ओरडायला लागला. त्याची बायको आत होती. "फोटो काढायला यवडा येळ? आधार कार्डाचा दोन मिन्टांत काढत्यात!" मी खुर्ची मागं सारली. हात शिवशिवत होते. ड्रायव्हर ज्ञानूदानं मागून माझा शर्ट धरला — "बस गड्या, परवाच इस्त्री केलीयास." तेवढ्यात नवी टेक्निशियन पायरीवर आली. पहिलाच दिवस तिचा. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं दादा, आधार कार्डावरचा तुमचा फोटो तुमच्या घरात तरी कोण वळखतंय काय? तसलाच काढून देऊ वहिनींचा?"

सगळा बाजार हसला. तो गडीसुद्धा हसला आणि चहा प्यायला गेला. तिच्या जागी मी असतो तर त्याचे दात पाडले असते आणि माझी नोकरी गेली असती. तिनं एका वाक्यात मिटवलं!

अंकिता. नाव ज्ञानूदाकडून काढलं. त्यानं बदल्यात मिसळ खाल्ली.

१५ जानेवारी, बुधवार

तिळगूळ खिशात घेऊन गेलो होतो. ती म्हणाली, "ठेवा तिथं, ग्लोव्हज घातलेत." ज्ञानूदानं खाल्ला. काय बोलावं!

पण जेवायला एकत्र बसलो. ती जतच्या अलीकडची. आजोबा बिराप्पा अजून मेंढरं घेऊन फिरतात. घरातली पहिली शिकलेली, मिरजेला राहून कोर्स केला. डबा उघडला तर बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मला विचारलं, "तुम्ही ह्या गाडीवर काम करता, पण आत काय बघतात ते माहितीय का?" मी म्हटलं गाठ. म्हणाली, गाठ तर खरीच, पण प्रांजल मॅडमना आणखी एक गोष्ट बघायचीय. (प्रांजल मॅडम म्हणजे ट्रस्टच्या डॉक्टर, त्यांचाच हा अभ्यास.) काही बायकांच्या छातीत चरबी जास्त असते, ती फोटोत काळपट दिसते. काहींच्यात दुधाच्या ग्रंथी आणि जाळं दाट असतं. ते दिसतं पांढरं. आणि कॅन्सरची गाठपण पांढरीच दिसते.

"आमच्याकडची मेंढरं पांढरी असतात," म्हणाली. "त्या कळपात पांढरं कोकरू शोधायला सांगा कुणाला. सापडलं नाही म्हणजे कोकरूच नाही, असं म्हणाल का?"

दाट असणं हा आजार नाही. हाताला कळतही नाही. पण त्यात लपायला जागा होते, आणि दाट असलेल्या बाईला धोकाही जरा जास्तच. मग दाट कुणाची असते? वय कमी तिची. अंगानं बारीक तिची. मुलं नाहीत किंवा थोडी, नाहीतर पहिलं मूल उशिरा झालं तिची. पाळी अजून चालू आहे तिची. हार्मोनच्या गोळ्या घेते तिची. हे सगळं ती प्रत्येक बाईला आत विचारते आणि मॅडम सांगलीत बसून ताळा करतात. पुस्तकातलं सगळं आपल्याकडच्या बायकांना तसंच लागू पडतं का, तेच बघायचंय म्हणे.

मी ऐकत होतो. म्हणजे बघत होतो. पण ऐकलंही!

१७ जानेवारी

आज रंगूबाई नावाची म्हातारी फोटो काढून बाहेर आली आणि ओट्यावर बसून बाकीच्यांना सांगायला लागली, "बारीक बाईची दाट आन माझ्यासारखीची पातळ! देवानं सगळं उलटंच क्येलंय की गं." एकीनं विचारलं, दुखतंय का? रंगूबाई म्हणाली, "न्हाई गं. दोन फळ्यांत चेपत्यात. पापड लाटल्यागत हुतंय." रांगेतल्या दोघी उठून घरी निघाल्या होत्या. रंगूबाईनंच हाताला धरून बसवल्या — "बसा गपगार! पोरं काढताना न्हाई पळाला, आन पापडाला पळता व्हय?"

२० जानेवारी, सोमवार. उंब्रज

आज मी कामाला आलो. खरा कामाला!

अंकिता वैतागली होती. म्हणाली, हार्मोनच्या गोळ्यांचा प्रश्न काढूनच टाका, एकही बाई हो म्हणत नाही. मला हसू आलं. म्हटलं, "असं नाही विचारायचं. जत्रेची गोळी घेता का, असं विचारा."

"जत्रेची गोळी?"

जतच्या बाजूला म्हणत नसतील. आमच्यात म्हणतात. जत्रा आली, नवरात्र आलं, घरात पूजा, नणंदेचं लग्न — पाळी पुढं ढकलायची गोळी. मेडिकलवाल्याला नावसुद्धा सांगावं लागत नाही, "जत्रेची द्या" म्हटलं की तो पाकीट काढतो. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. बायकांना ते औषध वाटतच नाही. उदबत्ती, कापूर आणि ही गोळी, सगळं एका पिशवीत येतं. तीही हार्मोनच. फार्मसीला दोन वर्षं काय गवत उपटलं मी?

तिनं तसं विचारलं. संध्याकाळी बाहेर आली ती डोळे मोठे करून. बहुतेक सगळ्या! काही तर वर्षातून चार-पाच वेळा, वीस वीस वर्षं! लगेच मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, या गोळीनं दाटपणा वाढतो का ते आत्ता ठामपणे सांगता येणार नाही, पण विचारलंच नाही तर कधीच कळणार नाही. आणि मग म्हणाल्या — अंकितानं फोन स्पीकरवर टाकला होता — "हे कुणाला सुचलं?"

अंकिता म्हणाली, "आमच्या वीरधवलना."

आमच्या!

२१ जानेवारी

आमच्या.

२५ जानेवारी, शनिवार. कोरेगाव

आईला घेऊन गेलो. आबांना सांगितलं, साडीला फॉल लावायला चाललोय. रिटायर्ड सुभेदार माणूस, तोफखान्यात आयुष्य गेलं, पण साडीचा फॉल म्हटलं की पुढं चौकशी करत नाही.

उंब्रजपासून आई डोक्यातून जात नव्हती. ती अठ्ठेचाळीसची. काटकुळी. लग्नानंतर सात वर्षांनी मी झालो, माझ्यानंतर कोणी नाही. पाळी चालू असणार, कारण देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्यामागं ते पाकीट असतंच. म्हणजे अंकितानं जे जे सांगितलं ते सगळं एका बाईत!

आई येताना कुरकुरत होती. "तुला दोन वरसं अंगावर पाजलंय मी. मला काय हुतंय?" पण आली. आत गेली. बाहेर येऊन पदर सारखा करत म्हणाली, "पोरगी गुणाची हाय रं. मशीन गार, पर हात गरम हाईत तिचं."

मला काय वाटलं ते लिहीत नाही. आईच्या तपासणीला आलोय आणि डोक्यात सनई वाजतेय — असला नालायक मी!

३१ जानेवारी, शुक्रवार

रिपोर्ट आला. संशयास्पद काही दिसत नाही. पण दाटपणा चार पायऱ्यांतला सगळ्यात वरचा. खाली मॅडमनी लिहिलंय, फोटोवर विसंबू नये, सोनोग्राफी करून घ्यावी. सांगलीला, ट्रस्टमध्येच होते.

घरी सांगावंच लागलं. सांगली म्हणजे साडीचा फॉल नव्हे.

आबांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "काय दिसत न्हाई म्हंतंय नव्हं मशीन?"

"दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे, आबा."

"आमी सीमेवर दुर्बिणीत बघून 'काय दिसत न्हाई' म्हटलं की अख्खी पलटण झोपायची."

"धुकं असलं तरी?"

चष्मा काढून खिशात ठेवला. मला वाटलं जिंकलो. मग म्हणाले, "जत्रा तोंडावर आलीय. निवद हिच्याच हातचा. जत्रंनंतर बघू. आन तुझं लगीन व्हायचंय अजून. सांगलीला कशाला गेलतीस म्हून चार माणसं इचारत्यात. घराला एकदा आजाराचं नाव लागलं की सोयरीक यायची न्हाई."

माझं लग्न! माझ्या लग्नासाठी आईनं थांबायचं? मी ताट सारलं. तांब्या उडाला. म्हटलं, असल्या सोयरिकीला मी चुलीत घालतो! आई तोवर कणीक मळत होती. मळतच राहिली.

२ फेब्रुवारी

अबोला. घरात तिघं, आणि बोलतंय कोण तर टीव्ही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज केलं! पाणी भरायला आई मागं गेली होती. देव्हाऱ्यातलं पाकीट काढलं. नवं होतं, सुरुवातीच्या गोळ्या संपलेल्या. म्हणजे जत्रेसाठी घ्यायला लागलीय. सगळं गोबरगॅसच्या टाकीत टाकलं. एकेक गोळी फोडून! आता पाळी येईल, निवद हिच्या हातचा होणार नाही. बघू जत्रा मोठी का आई. देवीलाच निवाडा करू दे. सतराला, सोमवारी, सोनोग्राफीचा नंबरही लावून टाकलाय. आबा आडवे आले तर त्यांच्यावरून जाईन.

कॉलेजात सरांनी एका पोराची जात काढली तेव्हा मी त्यांच्या अंगावर हजेरीबुक फेकलं होतं. त्या दिवशी जसं हलकं वाटलं होतं, तसं वाटतंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आईला कळलं. ओरडेल, रडेल, मला वाटलं मिठीही मारेल. काही नाही. माझ्यासमोर उभी राहिली.

"तुला कुणी इचारलं हुतं?"

"आई, त्या गोळ्या —"

"माझ्या हुत्या. गोळ्या माझ्या, जत्रा माझी. वरसातनं येक दीस ह्या घरात समदी माज्या तोंडाकडं बघत्यात. पुरण कवा शिजवायचं, निवद कवा निघायचा, तुझा आबासुदिक मला इचारतो. त्यो दीस तू टाकीत घातलास."

मी म्हटलं, मी तुझ्यासाठीच भांडतोय.

"भांड की," म्हणाली. "तुझा आबाबी माझ्यासाठीच नको म्हंतोय."

आणि गेली मागं.

८ फेब्रुवारी, शनिवार. कोरेगाव

अंकिताला सगळं सांगितलं. आबांचं, गोळ्यांचं, नंबर लावला त्याचं. वाटलं होतं — खरं लिहितो — वाटलं होतं ती म्हणेल, असा मुलगा हवा.

ती मशीन पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "आईंना विचारलंत?"

"काय?"

"जायचंय का त्यांना? कधी जायचंय? एकट्यानं का तुमच्यासोबत? विचारलंत काही?"

मी म्हटलं, विचारायला वेळ कुणाकडं आहे! आबा —

"आबांनी विचारलं नाही. तुम्हीपण नाही. ते नको म्हणून दामटतात, तुम्ही हो म्हणून. बाई तीच." मग माझ्याकडं वळली. "आणि दुसरं. मला दाखवायला आईचं दुखणं वापरू नका. मला आवडणार नाही."

म्हणजे तिला कळलंय! कधीपासून कळलंय? सगळं कळलंय आणि तरी — छे! वापरतो? मी? जीव तुटतोय माझा! व्हॅनच्या चाकाला लाथ मारली. अंगठ्याचं नख काळं झालं. ज्ञानूदा म्हणाला, "मार मार, टायर ट्रस्टचाच हाय."

९ फेब्रुवारी

नाही वापरत.

१० फेब्रुवारी

थोडं वापरलं असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार. माघी पौर्णिमा. जत्रा

आज जे बघितलं ते मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही. म्हणून इथं.

सकाळपासून वाट बघत होतो, आई आता बाजूला बसेल, आता काकूला हाक मारेल. गोळ्या नाहीत म्हटल्यावर व्हायचं ते झालंच असणार. पण आई पहाटेच न्हाऊन हिरवं लुगडं नेसून चुलीपुढं. पुरण वाटतेय, काकूला ओरडतेय, "वेलदोडं इतकं? पुरान हाय का चहा?" मग निवदाचं ताट घेऊन वाजंत्र्यांपुढं निघाली. सगळी भावकी मागं. आबा फेटा बांधून तिच्या मागं, नेहमीसारखे, दोन पावलं. देवळात शिरली. गाभाऱ्यात गेली. निवद ठेवला. मी खांबाला टेकून उभा.

घरी आल्यावर मागच्या ओट्यावर गाठली. हळू विचारलं, "आई, मेडिकलमधनं दुसऱ्या आणल्यास?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय? तिसरा दीस हाय." हात धुता धुता म्हणाली. "पुरान आंबलं का? पोळी फुटली का?"

"नाही."

"देवीला आदीच सांगितलं मी. बाईच हाय ती. तुझ्या आबाला तेवढं सांगू नगंस, त्याचा फेटा सुटंल."

मी हसलो. मग मला रडूच आलं, मूर्खासारखं. ती पदरानं हात पुसत उभी. आणि मग मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा आईला विचारलं. "तुला जायचंय का सांगलीला?"

तिकडं वाजंत्री वाजत होती. मग म्हणाली, "उजव्या अंगाला झोपलं की बगलंत वडल्यागत हुतंय. दिवाळीपासनं."

दिवाळीपासून! कुणाला बोलली नाही. का नाही बोललीस, विचारलं. म्हणाली, "तुमी दोगं यवडं बोलत हुता. माझा नंबरच लागला न्हाई."

१३ फेब्रुवारी

अंकिताला सांगितलं. तिसऱ्या दिवसाचं नाही, ते आईचं आहे. बाकीचं. दुखण्याचं ऐकून तिनं लगेच मॅडमना कळवलं. मग म्हणाली, "आईंना माझा नमस्कार सांगा."

मी उभाच राहिलो.

"तुम्हाला नाही," म्हणाली. पण हसून. चालेल! मी थांबू शकतो. या माणसाला थांबता येतं, असं कुणी म्हटलं असतं तर मीच त्याच्याशी भांडलो असतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

आईनं जेवताना जाहीर केलं. "उद्या मी सांगलीला चाललीय. भाकरी टोपल्यात असंल. कालवण गरम करून घ्या."

आबांचा घास हातात. "कुणाला इचारून?"

"कुणालाच न्हाई."

मी तोंड उघडलं होतं. दोन आठवड्यांचं साठलेलं सगळं जिभेवर होतं, पार आजा-पणजापर्यंत. आईनं नुसतं बघितलं. मिटलं. गिळलं.

आबांनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "सोयरीक मोडंल." आई म्हणाली, "अजून जमलीया कुठं?" मी म्हटलं, "माझी मी जमवतोय." दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. हे बोलायची ही वेळ नव्हती. पण बोललो ते बोललो!

जेवण झाल्यावर आबा गाडीचं हवापाणी बघायला बाहेर गेले. स्टँडपर्यंत सोडणार म्हणे. आणि म्हणे, सकाळचं गार असतं, हिला माझी आर्मीची जर्सी दे.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सांगली

सोनोग्राफीच्या खोलीत प्रांजल मॅडमनी आधी डावीकडून फिरवलं. मग उजवीकडं आल्या आणि थांबल्या. पुन्हा फिरवलं. पुन्हा थांबल्या. म्हणाल्या, "इथं आहे काहीतरी." मी उठलोच — किती मोठं? कसलं? फोटोत का नाही आलं? आता काय करायचं? मॅडम उत्तर माझ्याकडं बघून द्यायला लागल्या.

आई कोपरावर उठली. आबांची जर्सी छातीशी धरून.

"वीरू, तू भाईर जा. आदी मला ऐकू दे."

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.